आखाजी ते आखाजी: एकत्र घराचा हिशेब मांडून कर्जातून बाहेर कसं पडायचं

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या शेतकरी घरात महागडं कर्ज शिरतं ते बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पेरणी झालेली असते, युरियाची गोणी हवी असते, निंदणीच्या बायांची मजुरी बाजाराच्या दिवशी हातावर ठेवावी लागते, शाळेची फी तोंडावर असते आणि कापसाचं पहिलं बोंड फुटायला दोन-तीन महिने बाकी असतात. अशा वेळी गावातलाच कुणीतरी महिन्याला शेकडा तीनने पैसे देतो. घर बुडवतो तो हा शेकडा तीन. गावच्या सहकारी सोसायटीचं पीककर्ज त्या मानाने फार निरुपद्रवी असतं.

म्हणून महिन्याचं बजेट नावाचा जो प्रकार नोकरदारांसाठी सांगितला जातो, तो इथे जसाच्या तसा लागू पडत नाही. हप्ते महिन्याचे आणि उत्पन्न हंगामाचं, हे ज्या घराचं गणित आहे त्याने हिशेबाचं वर्ष आखाजी ते आखाजी, म्हणजे एका अक्षय्य तृतीयेपासून दुसरीपर्यंत धरावं. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या कराराने ठेवलेल्या गड्याचं, साल त्या दिवशी बदलतं, कापसाचा पैसा येऊन गेलेला असतो, पीककर्ज नव्याने मिळायची वेळ असते. घराचा ताळेबंद मांडायला याहून सोयीचा मुहूर्त नाही.

पहिली बैठक आणि कर्जाची यादी

रात्रीची जेवणं उरकल्यावर घरातली सगळी मोठी माणसं एकत्र बसवा. सगळी म्हणजे सुनासुद्धा. बचत गटाची आणि फायनान्सची कर्जं त्यांच्याच नावावर असतात, आणि त्या बैठकीत नसतील तर निम्मी यादी राहून जाते. सुरुवातीलाच घरातल्या वडीलधाऱ्याने एक गोष्ट ठणकावून सांगावी: आज जे कर्ज सांगितलं जाईल त्यावरून कुणालाही बोल लावायचा नाही. हे न सांगता बसलात तर मोबाइलच्या ॲपवरून घेतलेले आठ हजार, मित्राला जामीन राहिलेलं प्रकरण, शेजारणीसाठी आपल्या नावावर काढून दिलेलं गटाचं कर्ज, यातलं काहीच बाहेर येत नाही. शेवटचा प्रकार फार सर्रास चालतो. हप्ता ती भरते म्हणून आपण ते मोजत नाही, पण तिने हात वर केले की वसुलीवाला आपल्या दारात येतो. तेही यादीत हवंच.

लांब वही घ्या. प्रत्येक कर्जापुढे एवढं लिहा: कुणाकडून, कुणाच्या नावावर, आज बाकी किती, व्याज किती, हप्ता किती नि कोणत्या तारखेला, तारण काय ठेवलंय, जामीन कोण. आठवणीवर विसंबू नका, पासबुक आणि हप्त्याचं कार्ड समोर ठेवा. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या चारही संस्थांना दरवर्षी प्रत्येकाला एक पूर्ण अहवाल फुकट द्यावा लागतो. घरातल्या प्रत्येक कर्जदाराचा एक तरी अहवाल काढून वहीशी ताडून पाहा. विसरलेलं किंवा लपवलेलं खातं तिथे दिसतं.

व्याज सगळीकडे वर्षाच्या टक्क्यात लिहा, नाहीतर तुलनाच होत नाही. शेकडा तीन म्हणजे महिन्याला तीन टक्के, वर्षाला ३६. शेकडा पाच म्हणजे ६०. 'फ्लॅट १२ टक्के' हा शब्द आला की सावध व्हा: एक लाखावर वर्षाचं १२,००० व्याज आधीच धरून ९,३३३ रुपयांचे बारा हप्ते पाडले, तर उतरत्या बाकीवर तो दर साधारण साडेएकवीस टक्के पडतो, कारण पहिल्या महिन्यापासून मुद्दल परत जात असतं आणि व्याज मात्र पूर्ण लाखावर चालू राहतं. कृषी केंद्राच्या उधारीवर व्याज लिहिलेलं नसतं, ते भावात असतं. तीच गोणी, तेच औषध रोखीने किती आणि उधारीने किती, हे एकदा विचारून फरक लिहून ठेवा.

समजा आई-वडील, दोन भाऊ, दोन सुना आणि तीन मुलं असं नऊ जणांचं घर आहे. सहा एकर जमीन, विहीर आहे. थोरला शेती बघतो, धाकटा जळगावच्या एमआयडीसीत कामाला. त्यांची यादी अशी निघेल:

सोसायटीचं पीककर्ज १,६०,००० (वेळेत भरलं तर व्याज शून्य)
सोनं तारण १,२०,००० (१२ टक्के)
खाजगी १ इसम ८०,००० (शेकडा तीन, महिन्याला नुसतं व्याज २,४००)
थोरल्या सुनेचं फायनान्सचं कर्ज ३८,००० (२४ टक्के, हप्ता २,६००)
धाकट्या सुनेचं ३०,००० (२४ टक्के, हप्ता २,१००)
मोटरसायकल ४२,००० (हप्ता ३,४००)
कृषी केंद्राची उधारी ४५,०००
मामांकडून हातउसने ४०,००० (बिनव्याजी)

बेरीज ५,५५,०००. आकडा मोठा आहे, पण त्याने घाबरायचं कारण नाही. घाबरवणारी ओळ तिसरी आहे: ८०,००० च्या मुद्दलावर वर्षाला २८,८०० जातात आणि मुद्दलातला एक रुपयाही कमी होत नाही.

वर्षाचा तक्ता

आता दुसरं पान. एका बाजूला वर्षाची आवक. याच घरात पगार १८,०००, शिलाईचे ३,०००, दुधाचे चारा-ढेप वजा जाता ३,५००, म्हणजे महिन्याला २४,५००, वर्षाला २,९४,०००. चार एकर कपाशी, एकरी सात क्विंटल, ७,००० चा भाव धरला तर १,९६,०००. त्यातून वेचणी किलोला १० रुपयांप्रमाणे २८,००० वजा, उरले १,६८,०००. उरलेल्या दोन एकरांत खरिपात घरापुरता उडीद-मूग आणि रब्बीत हरभरा, त्याचे ८०,०००. पीएम किसान आणि नमो शेतकरीचे मिळून १२,०००. एकूण ५,५४,०००.

उत्पन्न धरताना गेल्या तीन हंगामांतला सगळ्यात कमी उतारा धरा, सरासरी नको. भावही खेड्यावर व्यापारी घरबसल्या देतो तोच धरा. जास्त आलं तर ते कर्जात जाईल.

दुसऱ्या बाजूला जावक: घरखर्च महिना १७,००० प्रमाणे २,०४,०००, दोन्ही हंगामांचा शेतीखर्च १,३०,०००, तिन्ही हप्ते मिळून महिना ८,१०० प्रमाणे ९७,२००, खाजगीचं व्याज २८,८००, सोन्याचं १४,४००, शाळा ३०,०००, सणवार, कपडे, आहेर ३५,०००, दवाखाना २०,०००. एकूण ५,५९,४००.

वर्षाची तूट निघाली अवघी ५,४००. मग हे घर दरवर्षी नवं कर्ज का काढतं? पैसा येण्याची आणि जाण्याची वेळ जुळत नाही म्हणून. फक्त जून ते सप्टेंबर बघा. महिन्याची आवक २४,५००, महिन्याचा खर्च हप्ते-व्याजासकट २७,५००, म्हणजे चार महिन्यांत १२,००० कमी. वर शेतीचे ८५,०००, शाळेचे २०,०००, कानबाई, पोळा, गणपतीचे ८,०००. एकूण खड्डा १,२५,०००.

हा खड्डा भरायला पैसा आलेलाही असतो, आणि तो म्हणजे पीककर्जाचे १,६०,०००. पण तो एप्रिल-मे मध्ये मिळतो, तेव्हा आखाजीला लेकी माहेरी आलेल्या असतात, लग्नसराई असते, घराचे पत्रे बदलायचे असतात. खात्यात रक्कम दिसते म्हणून ती जाते, आणि जुलैत हात पुन्हा शेकडा तीनकडे वळतो.

तेव्हा सगळ्या लेखातली सर्वात महत्त्वाची पायरी ही: पीककर्ज मिळालं त्याच दिवशी ते वेगळ्या बचत खात्यात टाका. त्या खात्याला एटीएम कार्ड नको, फोन पे-गुगल पे जोडलेलं नको. त्यातून फक्त बियाणं, खत, औषध, मजुरी आणि जूनची शाळा निघेल. बियाणं-खत रोखीने घेतलं की कृषी केंद्राची नवी उधारीही थांबते.

कोणतं कर्ज आधी

इथे भावनेने क्रम ठरतो आणि चुकतो. मामा टोमणे मारतात म्हणून त्यांचे ४०,००० आधी दिले जातात, आणि शेकडा तीन तसाच चालू राहतो. मामांना समोर बसून सांगा की तुमचे पैसे अमुक दिवाळीपासून तीन हप्त्यांत येतील, आणि ती तारीख पाळा. बिनव्याजी कर्ज शेवटी फेडायचं असतं, पण शब्द देऊन.

सोसायटीचं कर्ज मात्र यादीत वेगळं ठेवा, त्याला क्रम नाही. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत भरलं तर केंद्राची तीन टक्के सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत मिळून व्याज शून्यावर येतं. मुदत एक दिवसाने हुकली तरी सवलत जाते. आपली नेमकी देय तारीख सोसायटीच्या सचिवांकडून लिहून घ्या. कर्जमाफी होईल या आशेवर भरणा थांबवणारे दर निवडणुकीला दिसतात. माफी प्रत्यक्ष जाहीर होऊन तिच्या अटी हातात येईपर्यंत ती हिशेबात धरू नका. थकीत झालात तर पुढच्या हंगामाचं कर्ज बंद आणि पुन्हा सावकार.

पहिला घाव शेकडा तीनवर. ८०,००० कुठून आणायचे? घरात गहाण न पडलेलं सोनं असेल तर ते मोडणं हा सर्वात स्वस्त उपाय आहे, आणि सर्वात अवघडही. दागिना सुनेचा असेल तर तिची खरी संमती हवी, सासूसमोर मान डोलावली म्हणजे संमती झाली असं नाही. वहीत तिच्या नावाचं पान उघडा आणि घर तिचं किती ग्रॅम, किती कॅरेट देणं लागतं ते लिहा, खाली दोन्ही भावांच्या सह्या. रुपयांत लिहू नका. सोन्याचा भाव वाढतो आणि पाच वर्षांनी 'तुझे ऐंशी हजार' म्हणून निम्मं सोनं हातात पडतं. मोडताना दोन-तीन सराफांकडे वजन करून घ्या, घट किती धरतात ते विचारा, जुनी पावती सोबत न्या.

मोडायला कुणी तयारच नसेल तर तोच दागिना बँकेत तारण ठेवून १२ टक्क्यांनी पैसे उचला आणि खाजगी देणं मिटवा. वर्षाला २८,८०० ऐवजी ९,६०० व्याज, म्हणजे १९,२०० वाचले. एका कर्जाने दुसरं फेडण्याला एकच अट आहे: जुनं खातं त्याच दिवशी पूर्ण बंद झालं पाहिजे. अर्धं फेडून अर्धं 'नंतर बघू' केलं की दोन्ही चालू राहतात.

खाजगी देणाऱ्याचा हिशेब मिटवताना दोन साक्षीदार न्या, पैसे शक्यतो बँकेतून द्या, आणि कोरे चेक, सही केलेला स्टँपपेपर, जे काही दिलं होतं ते मोजून परत घ्या. 'घरी ठेवलाय, उद्या देतो' ला पैसे देऊ नका. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करणं गुन्हा आहे. परवानाधारकालाही शेतकऱ्याकडून तारणी कर्जावर वर्षाला ९ आणि विनातारण कर्जावर १२ टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, चक्रवाढ लावता येत नाही, आणि मुद्दलाहून जास्त व्याज वसूल करता येत नाही. जमिनीचं खरेदीखत करून घेऊन पैसे दिले असतील तर तालुक्याच्या सहायक निबंधक कार्यालयात किंवा जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते, त्यासाठी दिलेल्या व्याजाच्या नोंदी असलेली वही आणि बँकेचे उतारे जपून ठेवा. गावातल्या गावात हे बोलायला जड जातं हे खरं. पण नुसतं दर माहीत आहेत एवढं दिसलं तरी समोरचा हिशेबाला बसतो, असंही घडतं.

घरखर्चातून ३,०००

खाजगी व्याज थांबलं तरी महिन्याचा खर्च १७,००० अधिक हप्ते ८,१००, म्हणजे २५,१०० होतो, आवकेपेक्षा ६०० जास्तच. घरखर्च १४,००० वर आला तर २,४०० सुटतात. यापेक्षा जास्त कापायला जाऊ नका, तिसऱ्या महिन्यात घर बंड करतं.

सुटण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. किराण्याची महिन्याची उधारी बंद करून यादी करून रोखीने घ्यायचं. गहू, दादर (रब्बी ज्वारी), बाजरी, तूरडाळ हंगामात वर्षाची भरायची आणि मार्च-एप्रिलच्या तक्त्यात ती रक्कम आधीच धरायची. पाच मोबाइलचे पाच महागडे रिचार्ज लागत नाहीत, दोन इंटरनेटचे आणि तीन नुसते बोलण्याचे पुरतात. पेट्रोलवर आठवड्याची मर्यादा. तंबाखू-गुटख्याचा खर्च वेगळ्या ओळीत लिहा, कुणाचंही नाव न घेता. महिनाअखेरीची बेरीजच बोलते. बिबडे, पापड, कुरडया घरी होतात त्या होऊ द्या, पण त्यातून पैसे वाचतात म्हणून बायांवर अजून एक काम लादू नका.

आणि प्रत्येक मोठ्या माणसाला, सुनांसकट, महिन्याला ३०० रुपये हातखर्च द्या, ज्याचा हिशेब विचारायचा नाही. या १,८०० मुळे लपवाछपवी थांबते. हे १४,००० मध्येच धरायचे.

पैसा एकाकडे, लिहिणं दुसऱ्याकडे. दोन्ही एकाच माणसाकडे असलं की संशय येतो, मग तो माणूस कितीही सरळ असो. धाकट्याच्या पगाराचे ठरलेले पैसे घराच्या खात्यात यावेत आणि थोडे त्याच्याकडे राहावेत. पूर्ण पगार काढून घेतला तर तो पुढच्या वर्षी वेगळा होतो. 'माझा पगार शेतीत जातो' आणि 'घर माझ्या शेतावर चालतं' हे दोन्ही भाऊ म्हणत असतात, त्यावर इलाज म्हणजे शेतीचं पान वेगळं ठेवणं. घरात आलेलं धान्य, डाळ, दूध बाजारभावाने शेतीच्या जमेत धरा. बहुतेक वेळा शेती वाटते तेवढी तोट्यात निघत नाही. निघालीच, तर तेही आकड्याने कळू द्या.

हप्ते मिटत जाण्याचा क्रम

सुटलेले २,४०० धाकट्या सुनेच्या ३०,००० वर लावा. २,१०० ने ते १७ महिने चाललं असतं, ४,५०० ने आठव्या महिन्यात संपतं. तोवर थोरलीच्या ३८,००० चे साधारण २२,००० उरलेले असतात. त्यावर २,६०० आणि मोकळे झालेले ४,५००, मिळून ७,१०० लावले की आणखी चार महिन्यांत तेही मिटतं. वर्षात दोन्ही फायनान्स बंद. अशा फायनान्सचं बिनतारण सूक्ष्म कर्ज मुदतीआधी फेडण्यावर दंड लावता येत नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी किंवा संध्याकाळी ६ नंतर येता येत नाही, हेही त्यातलंच. मात्र जादा भरलेली रक्कम मुद्दलात जमा झाली का, की पुढचा हप्ता म्हणून ठेवून घेतली, हे दर वेळी कार्डावर तपासा. एजंटाच्या हातात पावतीशिवाय जादा पैसे देऊ नका.

'संपलं की लगेच मोठं मिळेल' म्हणून नवं कर्ज देऊ करतात. तिथे घसरलात तर वर्षाची मेहनत गेली.

कापसाचा पैसा आला की

प्रत्येक काट्याच्या, म्हणजे कापूस मोजून दिल्याच्या, दिवशीच वाटणी करा. आधी वेचणीची मजुरी. उरलेल्यातला अर्धा सोसायटीच्या खात्याला, पाव रब्बीची पेरणी आणि दिवाळीला, पाव जुन्या देण्याला. वरच्या घरात हे ८४,०००, ४२,००० आणि ४२,००० होतात. शेवटच्या पावात कृषी केंद्राची जुनी उधारी जवळपास पूर्ण फिटते. सोसायटीचे उरलेले ७६,००० हरभऱ्यातून. हरभरा लांबला किंवा पडत्या भावात निघाला तरी मार्चअखेर 'नवं-जुनं' करायला, म्हणजे जुनं कर्ज भरून नवं उचलायला, आठ दिवसांसाठी शेकड्याने पैसे उचलायची वेळ येऊ नये म्हणून निम्मा भाग आधीच बाजूला हवा.

उधारी फिटण्याचा दुसरा फायदा विक्रीत दिसतो. ज्याच्याकडून खत-औषध उधार आणलं त्यालाच, तो म्हणेल त्या भावाने कापूस घालावा लागत नाही. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. सीसीआय (भारतीय कापूस महामंडळ) ८ टक्के ओलाव्याला पूर्ण भाव देते, १२ पर्यंत कपात करून घेते, त्यावर परत पाठवते. पहाटेच्या दवातला कापूस वेचून थेट गाडीत भरला तर तिथेच मार बसतो. दोन दिवस उन्हात पसरा. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येतात, म्हणून ते खातं कोणतं हे नोंदणीच्या आधी बघा.

रावेर-यावलकडच्या केळीच्या घराने हाच तक्ता वेगळा मांडावा. लागवडीपासून कटाईपर्यंत वर्ष जातं, खर्च एकरी फार जास्त आणि एका वादळात सगळं आडवं, म्हणून तिथे हवामान आधारित फळपीक विम्याचा हप्ता ही खर्चातली पहिली ओळ.

खातं बंद झालं की

शेवटचा हप्ता भरला म्हणजे काम झालं असं नाही. नादेय दाखला, म्हणजे काही देणं उरलं नाही असा दाखला, लेखी घ्या. घर किंवा जमीन तारण असेल तर पूर्ण फेडीनंतर ३० दिवसांत मूळ कागदपत्रं परत करणं बँकेवर बंधनकारक आहे, त्यांच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. सातबाऱ्यावर बोजा असेल तर दाखला घेऊन तलाठ्याकडे बोजा कमी करण्याचा अर्ज द्या आणि फेरफार होऊन नवा उतारा हातात येईपर्यंत पाठपुरावा करा. कर्ज फिटून वर्षानुवर्षं बोजा तसाच राहिलेले उतारे प्रत्येक गावात सापडतील, आणि वाटणीच्या वेळी तेच आडवे येतात. दोन महिन्यांनी सिबिलचा अहवाल पुन्हा काढा, खातं 'बंद' दिसतंय का बघा. 'तडजोडीने मिटवलं' असं दिसत असेल आणि तुम्ही पूर्ण रक्कम भरली असेल, तर दाखल्याची प्रत जोडून त्या संस्थेच्या वेबसाइटवर तक्रार नोंदवा.